हक्क अबाधित राखून बदललेले शॉकअप

मोटार वाहन कायद्यात ‘सार्वजनिक जागा’ या शब्दांची व्याख्या आहे. रस्ता, गल्ली, वाट किंवा जिथे जाण्याचा जनतेला हक्क आहे अशी कोणतीही जागा. नोकरीच्या काळात ही व्याख्या मी इतक्या कैफियतींमध्ये लिहिली की ती झोपेतही म्हणू शकलो असतो. तिच्यातली खोच मात्र मला निवृत्तीनंतर कळली. जनतेला जाण्याचा हक्क आहे, एवढेच कायदा म्हणतो. धड पोहोचण्याचा हक्क आहे, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. आमच्या भागातले रस्ते ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहेत, ते कार्यालय हा कायदा शब्दशः पाळते, हे त्यांच्या बाजूने नमूद करणे मला भाग आहे.

मी एका विमा कंपनीच्या विधी विभागात होतो. अपघाताच्या दाव्यांत कंपनीची बाजू मांडणे हे माझे काम. निवृत्त झाल्यावर लोक एखादे छोटे, सोज्वळ वाहन घेतात. मी चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी दणकट गाडी घेतली. मागे समोरासमोर दोन लांब बाकडी, पुढे दोन सीट, आणि चढायला पत्नीसाठी एक स्टूल. ही गाडी हौसेने घेतलेली नव्हती. माझ्या पत्नीने लग्नाआधी पुण्याच्या आसपासचे बहुतेक गड पायी चढलेले आहेत. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर ती एकदा म्हणाली, “वर नाही तर नाही, निदान पायथ्याशी तरी नेऊन बसवा मला.” गडांच्या पायथ्याचे रस्ते छोट्या गाडीला झेपत नाहीत. म्हणून ही गाडी.

आमच्याकडे अधूनमधून गुरुवारी पाणी बंद असते. त्या दिवशी घरात बसून बादल्यांकडे पाहत राहण्यापेक्षा आम्ही सकाळीच डबा घेऊन निघायचो. मुळशीकडे, वेल्ह्याकडे, कधी भोरच्या बाजूला. पायथ्याशी गाडी उभी करायची, चटई टाकायची, तिने गडाकडे बघायचे आणि मी रस्त्यात दिसलेल्या गैरप्रकारांची टिपणे काढायची. संध्याकाळी पाणी येण्याच्या सुमारास परत. माझ्या मते हे अतिशय सुखी सहजीवन होते. तिच्याही मते असावे, कारण तिने कधी लेखी हरकत घेतली नव्हती.

मग तिच्या कमरेतल्या मणक्यांमधली गादी सरकली. डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि सांगितले, “धक्के टाळा.” पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा सल्ला म्हणजे घराबाहेर पडू नका, असे सभ्य भाषेत सांगणे आहे. तरीही महिनाभराच्या विश्रांतीनंतर आम्ही एका गुरुवारी गेलो. डोंगरातला कच्चा रस्ता तिने हसत सोसला. घात झाला तो घरापाशी.

आमच्या गल्लीच्या तोंडावर एक गतिरोधक आहे. त्याला गतिरोधक म्हणणे हा त्याच्या कर्तृत्वाचा अपमान आहे, कारण तो गती रोखत नाही, इच्छाशक्ती रोखतो. त्यावर पांढरे पट्टे नाहीत, आधी सूचनाफलक नाही, उतार म्हणावा तर तो एकाच बाजूला आहे. तो कोणी बांधला हे कोणालाही माहीत नाही. एका सकाळी तो तिथे होता, जसे काही देव स्वयंभू असतात. त्या गुरुवारी मी अगदी हळू होतो, पण गाडीचे पुढचे चाक त्याच्यावरून उतरले तेव्हा पत्नीच्या तोंडून एक लहानसा आवाज आला. ती ओरडली असती तर मला बरे वाटले असते.

घरी कोचावर आडवी झाल्यावर तिने शांतपणे निकाल सांगितला.

“अहो, ऐका. मी तुमच्या गाडीत आता बसणार नाही.”

“अगं, गाडीचा काय दोष? तो गतिरोधक बेकायदेशीर आहे.”

“असेल. माझी कंबर कायदेशीर आहे. रस्ता बदला, नाहीतर गाडी बदला. दोन्हींपैकी एक होईपर्यंत गुरुवारी तुम्ही एकटे जात जा.”

मी एकटा गेलो नाही. पुढच्या गुरुवारी बादल्यांकडे पाहत बसलो.

माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले गेले होते. त्यांपैकी रस्ता बदलणे हा न्याय्य पर्याय होता आणि गाडी बदलणे ही शरणागती होती. मी न्याय्य पर्यायापासून सुरुवात केली. संबंधित कार्यालयास पत्र लिहिले, गतिरोधकाचे मोजमाप आणि चारही बाजूंनी छायाचित्रे जोडली. उत्तर आले की आपली तक्रार योग्य त्या विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे. मी योग्य तो विभाग कोणता असे विचारले. ही विचारणाही योग्य त्या विभागाकडे वर्ग झाली. पुढे कळवण्यात आले की तक्रारीचे निवारण झाले असून सोबत छायाचित्र जोडले आहे. छायाचित्रात एक सुरेख, सपाट, काळाभोर रस्ता होता आणि कडेला नारळाची झाडे होती. आमच्या गल्लीत नारळाचे झाड नाही. मी तसे कळवले. झाडांविषयीचा पत्रव्यवहार उद्यान विभागाशी करावा, असे मला सांगण्यात आले.

असे बरेच दिवस गेले. पत्नी रिक्षानेही कुठे जात नव्हती, कारण रिक्षा हा तिच्या कमरेच्या दृष्टीने आणखी वरचा गुन्हा होता. ती आमच्या भागातल्या मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या बायकांच्या मंडळात आहे. वयाने सगळ्या साठीच्या आसपासच्या, पण फुगडीला उभ्या राहिल्या की जमिनीने जपून राहावे. कमरेपायी तिचे खेळणे थांबले होते, तरी गाणी तीच सांगते. तीही घरी बसून, तालमीला बायकांना आमच्याकडेच बोलावून. गुरुवारी सकाळी ती खिडकीत उभी राहायची. आमच्या खिडकीतून कुठलाही गड दिसत नाही. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.

एका गुरुवारी टाकीकडे बघता बघता ती म्हणाली, “तुमच्या पत्रांना उत्तरं मात्र फार नियमित येतात हो.”

तिच्या बोलण्यात राग नसला की मला अस्वस्थ व्हायला होते. मी गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने बंपरवर भार टाकून सोडला. गाडी खालीवर होत राहिली, जणू तिला कोणत्या तरी प्रश्नावर ‘हो’च म्हणायचे होते. चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बाजारात ज्यांना शॉकअप म्हणतात, ते गेलेले होते. बदलायला हवेत.

इथे एक कायद्याचा प्रश्न उभा राहिला. नोकरीत असताना कंपनीच्या बचावासाठी मी वारंवार असे मांडले होते की ज्याने धोका जाणूनबुजून पत्करला, त्याला मागाहून भरपाई मागता येत नाही. आता डोंगरदऱ्यांसाठी बनवलेले शॉकअप मी शहरातल्या रस्त्यासाठी विकत घेतले, तर कार्यालय उद्या हेच म्हणेल. तक्रारदाराला रस्ता कसा आहे हे ठाऊक होते, त्याने त्यासाठी तयारी केली, सबब रस्ता त्याला मान्य आहे. माझे हत्यार माझ्यावरच उलटणार होते. म्हणून मी आधी एक नोटीस पाठवली: ‘सदर शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलणे म्हणजे रस्त्याच्या विद्यमान अवस्थेस माझी संमती, असा अर्थ कोणीही काढू नये. माझे सर्व हक्क अबाधित राखून, केवळ पत्नीच्या प्रकृतीस्तव मी हा बदल करीत आहे.’ उत्तर आले की शॉक अ‍ॅब्सॉर्बर या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाहीत. त्यांच्या अखत्यारीत नेमके काय येते, हे सांगणारे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

आता शॉकअप कोणते घ्यायचे? आमच्या वरच्या मजल्यावर हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण राहतो. त्याच्याकडेही अशीच, पण नवी आणि चकचकीत गाडी आहे. दर रविवारी तो मित्रांबरोबर कुठल्या तरी डोंगरात जातो, मुद्दाम चिखलात गाडी रुतवतो, ती दोराने बाहेर काढतो आणि त्याचे फोटो सर्वांना पाठवतो. सोमवारी तो हिंजवडीच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये पुन्हा रुततो. फक्त त्याचे फोटो पाठवत नाही. मी त्याला जिन्यात गाठले.

“काका, बेसिक क्वेश्चन. गाडीचा यूज काय? मड, रॉक की सँड?”

“पेठेतून भाजी आणणे.”

“ओह. म्हणजे एक्स्ट्रीम.” तो गंभीरपणे म्हणाला. तो उपहास होता की अनुभव, हे मला शेवटपर्यंत समजले नाही. “मग काका, गॅसवालेच टाका. आणि सोबत लिफ्ट किट. गाडी मस्त दोन इंच वर जाईल.”

“माझी पत्नी आत्ताच स्टुलावरून चढते.”

“मग काकूंना शिडी! फुल्ल अ‍ॅडव्हेंचर!”

त्याने मला त्यांच्या गटातल्या लोकांची मते वाचायला पाठवली. एका गृहस्थाने लिहिले होते की या शॉकअपमुळे त्याचे आयुष्य बदलले. आयुष्य बदलण्याची जबाबदारी चार नळकांड्यांवर टाकणाऱ्या माणसाची साक्ष मी ग्राह्य धरत नाही. दुसऱ्याने त्याच शॉकअपला एक तारा दिला होता, कारण खोके फाटके आले. तिसऱ्याने पाच तारे देऊन लिहिले होते की अजून बसवलेले नाहीत. ज्या देशात अशी साक्ष देणारे सुशिक्षित आहेत, त्या देशात न्यायाला विलंब होतो याचे नवल वाटायला नको.

अखेर मी नाना पेठेत गेलो. सुट्या भागांचे ते दुकान एका मुसलमान कुटुंबाचे आहे. तीन पिढ्या तिथेच, आणि मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. मालक माझ्याच वयाचे. गिऱ्हाईक आल्याचे दुःख चेहऱ्यावर न दाखवण्याचा प्रयत्न ते करत नाहीत.

“शॉकअप हवे आहेत.”

“इथे येणाऱ्या सगळ्यांनाच काहीतरी हवं असतं. गाडी कुठली?”

मी सांगितली. त्यांनी तीन जोड काउंटरवर मांडले.

“हे तेलाचे. मऊ असतात, पण फार तापले की दम सोडतात. हे गॅसचे. कडक. आणि हे खटक्याचे. खटका असा फिरवला की मऊ, तसा फिरवला की कडक.”

“म्हणजे हे मुळात मऊ आहेत की कडक?”

“आपण म्हणाल तसे.”

“माझ्या म्हणण्याचा प्रश्न नाही. वस्तूचा गुणधर्म काय, असं मी विचारतोय.”

“आपल्या घरी पंखा आहे ना, साहेब? मग तो मुळात हळू आहे की जोरात?”

या प्रश्नाला उत्तर आहे, परंतु ते विस्ताराने द्यावे लागले असते. मी इतकेच म्हटले की न्यायाधीशाने निकालपत्राला खटका बसवून तो पक्षकाराच्या हाती दिलेला मला चालणार नाही. ज्या वस्तूला स्वतःचे मत नाही ती मी गाडीखाली लावणार नाही. त्यांनी खटक्याचे शॉकअप निमूटपणे खोक्यात परत ठेवले.

“बरं. गाडीत बसतं कोण?”

“हा खासगी प्रश्न झाला.”

“नावं नकोत मला. किती माणसं, तेवढं सांगा. शॉकअप वजनावर ठरतात.”

मी नोंदणी प्रमाणपत्र काढून काउंटरवर ठेवले. गाडीत किती माणसे होती, या प्रश्नावर माझी अर्धी नोकरी खर्ची पडली आहे. ड्रायव्हर एक आकडा सांगतो, जखमी दुसरा सांगतात, पंचनाम्यात तिसराच असतो. खरा आकडा एकच, जो प्रमाणपत्रात छापलेला आहे. बाकी सगळा ऐकीव पुरावा.

“चालकासह नऊ,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “नऊ?”

“वाचून घ्या.”

“वाचायचं कशाला? आपण सांगताय ना.” ते आत गेले आणि अंगाने जाडजूड असे चार शॉकअप घेऊन आले. “हे घ्या. भरल्या गाडीचे आहेत, वजनदार. नऊ माणसं बसवून कुठंही न्या, हूं की चूं करणार नाही गाडी.”

शेजारच्या फिटरने ते बसवले. मी घरी आलो तो विजयी मुद्रेने. येताना गाडी जरा जास्त उडते आहे असे वाटले, पण नवी चप्पलही सुरुवातीला चावते. त्याच संध्याकाळी पत्नीला खाली बोलावले.

“पूर्वीचं सगळं विसर,” मी म्हणालो. “नुसती कोपऱ्यापर्यंत चल.”

ती पट्टा आवळून, स्टुलावर पाय ठेवून चढली. पुढच्या सीटवर बसून तिने दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली. मी चालण्याच्या वेगाने गाडी काढली. गल्लीच्या तोंडावर आलो आणि त्या स्वयंभू गतिरोधकावर चाक चढले. जुन्या शॉकअपमध्ये गाडी निदान डुलत होती. आता तिने धक्का घेतला आणि जसाच्या तसा, एक कणही न वगळता, आमच्या सुपूर्द केला. एखाद्या कार्यालयाकडून दुसऱ्या कार्यालयाकडे पत्र वर्ग व्हावे तसा.

पत्नीने दार उघडले, माझा हात न घेता उतरली आणि एक हात कमरेवर ठेवून घराकडे चालत गेली. मागून गाड्यांचे भोंगे वाजत होते.

दुसऱ्या दिवशी मी शॉकअपच्या उत्पादकाला पत्र लिहायला घेतले. ते अपुरे राहिले, कारण त्याच सुमारास श्रावण लागला आणि घरात बायकांची वर्दळ वाढली. श्रावणातले मंगळवार म्हणजे मंडळाचा हंगाम. त्यातला पहिला कार्यक्रम हडपसरच्या एका मोठ्या वसाहतीत होता. मंडळाने एक छोटी बस ठरवली होती, तिला गाद्यांच्या सीट होत्या आणि म्हणूनच पत्नी जाणार होती. निघायच्या वेळी सगळ्या जणी नऊवारी नेसून, सुपे, लाटणी आणि घागरी घेऊन आमच्या फाटकाशी जमल्या. बस येईना. ड्रायव्हरने सकाळी एका कंपनीची पाळी पोहोचवायचे काम जादा घेतले होते. फोन लागला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “म्याडम, मी हिंजवडीत हाय. हितं काय बी हलंना.”

“हिंजवडीत आहे?” मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई म्हणाल्या. “मग त्याला म्हणावं, आता थेट दसऱ्यालाच ये.”

दुसरी कुठली गाडी वेळेत मिळेना. तेवढ्यात एकीचे लक्ष माझ्या गाडीकडे गेले.

“अहो भावजी, ही एवढी मोठी गाडी काय नुसती बघायला ठेवलीय का?”

“ती नऊ माणसांची आहे,” मी म्हणालो. “चालकासह.”

“मग झालंच की! मोजा.”

मी मोजले. पत्नी धरून त्या नऊ जणी होत्या आणि मी दहावा. मी स्पष्ट सांगितले की एक व्यक्ती बेकायदेशीर आहे. थोडी चकमक झाली, पण कायद्यापुढे सर्व समान असतात. निवेदन करणाऱ्या बाई शिडशिडीत असूनही जादा ठरल्या आणि त्यांना रिक्षाने पाठवण्यात आले. त्या वाटभर रिक्षावाल्याला मंगळागौरीचे महत्त्व सांगत गेल्या असणार.

“तू नको येऊस गं,” ज्येष्ठ बाई पत्नीला म्हणाल्या. “कंबर आधी. गाण्यांचं आम्ही बघू काहीतरी.”

“काय बघाल? दुसऱ्या कडव्याला सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघता.” पत्नी स्टूल घेऊन मागच्या दाराशी आली. नऊवारीच्या आत डॉक्टरांचा पट्टा होता. साक्षीदाराने उलटतपासणीच्या वकिलाकडे पाहावे तसे तिने गाडीकडे पाहिले. मग चढली. पुढची सीट गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या बाईंना दिलेली होती.

मी निघालो. बायका, सुपे, घागरी आणि कोणीतरी सोबत घेतलेला पाच शेराचा डबा, असा ऐवज भरलेली गाडी जमिनीलगत बसली होती. गतिरोधक जवळ आला. मी पहिल्या गियरमध्ये आलो, श्वास रोखला आणि मागे होणाऱ्या त्या लहानशा आवाजासाठी कान टवकारले. चाक चढले. गाडी हळूच खाली दबली, हळूच वर आली आणि पुढे गेली. पाळण्याला कोणीतरी सरावलेल्या हाताने झोका द्यावा तसे. मला वाटले, माझाच काहीतरी गैरसमज होतो आहे.

बऱ्याच वेळाने मागून पत्नीचा आवाज आला. “अहो, तो गतिरोधक यायचाय ना अजून?”

“कुठला?”

“आपल्या गल्लीचा.”

“तो गेला.”

“केव्हा?”

“मघाशी. तू डबा कुणाचा म्हणून विचारत होतीस तेव्हा.”

मागे एकदम सगळ्या जणी बोलायला लागल्या आणि पूल येईपर्यंत त्यांनी तालीम सुरू केली. पुण्याचे एक टोक ते दुसरे टोक, वाटेत खड्डे होते, खोदकाम होते, अर्धवट बुजवलेले चर होते. एरवी मी प्रत्येकाची मनातल्या मनात नोंद घेतली असती. त्या दिवशी गाडी एकामागून एक सगळे गिळत गेली आणि मागे पत्नी गाणे सांगत राहिली. कुठेही आवाज हलला नाही.

कार्यक्रम झाला. त्याविषयी मला सांगण्यासारखे फारसे नाही, कारण पुरुषांना बाहेर मंडपात बसवले होते आणि तिथे वसाहतीचे अध्यक्ष मला त्यांच्या पाणीपट्टीच्या वादाबद्दल सल्ला विचारत होते. परतीच्या वाटेवर मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडू लागला. पहिल्या दोघी येरवड्याच्या बाजूला एकीच्या लेकीकडे उतरल्या. पुढच्याच खड्ड्यात गाडी जरा खडबडीत वाटली. मग घागरीवाल्या बाई उतरल्या, त्यांच्याबरोबर घागरीही गेल्या आणि गाडी दणकू लागली. ज्येष्ठ बाई उतरल्यावर तर खडीचा प्रत्येक दाणा वेगळा ओळखता येऊ लागला. शेवटी गुडघेवाल्या बाईंना त्यांच्या दारात सोडले. पत्नी मागून उतरली, स्टूल पुढे आणले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. गाडीत आम्ही दोघे उरलो. गाडी टणाटण उडत होती.

काही अंतर गेल्यावर तिने विचारले, “ते शॉकअप घेताना दुकानदाराने तुम्हाला काय विचारलं होतं?”

“गाडीत किती माणसं बसतात, ते.”

“आणि तुम्ही काय सांगितलंत?”

“प्रमाणपत्रात आहे ते. नऊ.”

“आपण दोघंच असतो ना हो,” ती म्हणाली.

प्रमाणपत्राविरुद्ध तोंडी पुरावा ग्राह्य नाही, हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी आत ठेवले.

दुसऱ्याच दिवशी मी शॉकअप बदलून आणायची तयारी केली. खटक्याचेसुद्धा चालतील, इतपत मी खाली उतरलो होतो. किल्ली घेतली तेव्हा पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, “नाना पेठेत जाऊ नका. येत्या गुरुवारी पाणी नाहीये. मी सगळ्या जणींना सांगितलंय.”

“काय सांगितलंस?”

“गडाच्या पायथ्याशी जायचंय म्हणून. आठ जणी आम्ही, नववे तुम्ही. कायद्याप्रमाणे मोजून घेतलंय. निवेदनवालीला पुढच्या गुरुवारी.”

मी हरकत घेतली. “ही गाडी मी तुझ्यासाठी घेतली, भाडोत्री वाहन चालवण्यासाठी नव्हे. मला आपल्या दोघांचे गुरुवार परत हवे होते.” ती बाहेर आली, पदराला हात पुसत. “मलाही हवे होते,” ती म्हणाली. “पण ही गाडी दोघांची राहिलेली नाही. माझ्या कमरेला आता एवढ्या जणींचा आधार लागतो, तर लागू दे की. तुमची टिपणं तुम्ही काढा. कुणी आड येणार नाही.”

तेव्हापासून पाणी बंद असेल तेव्हा आम्ही असेच जातो. पुढची सीट गुडघेवाल्या बाईंची, पत्नी मागे मैत्रिणींमध्ये. पायथ्याशी एका चटईच्या जागी चार चटया पडतात. टिपणे काढताना मला घटकेघटकेला कोणीतरी ‘भावजी, हे खाऊन बघा’ म्हणून हाक मारते, त्यामुळे वेल्ह्याच्या रस्त्याविषयीचे निवेदन अजून पूर्ण झालेले नाही. उत्पादकाला लिहिलेले अपुरे पत्र मी फाडले. त्यांच्या मालात दोष नव्हता. गतिरोधकाबाबतचा माझा पत्रव्यवहार मात्र चालू आहे आणि सर्व हक्क अबाधित आहेत.

परतताना एकेक जण उतरते आणि गाडी एकेक पायरीने कडक होत जाते. शेवटची बाई उतरली की पत्नी स्टूल घेऊन पुढे येते. गल्लीच्या तोंडाशी आलो की ती म्हणते, “थांबा.” मी थांबतो. ती उतरते, कमरेवर हात ठेवून त्या गतिरोधकाला वळसा घालते आणि पलीकडे जाऊन उभी राहते. मागची वाहने भोंगे वाजवतात. मग रिकामी गाडी मी त्याच्यावरून नेतो. ती माझ्यासकट हवेत उडते आणि आदळते. पत्नी ते पाहते आणि दर वेळी म्हणते, “लागलं का?”

तिथून आमचे घर हाकेच्या अंतरावर आहे. कोणीही चालत जाईल. ती चालत जात नाही. मी स्टूल खाली ठेवतो, ती चढते आणि पुढच्या सीटवर बसते.